परवलीचं वाक्य

नागपूरच्या महाल भागातली आमची शाळा बंद पडली त्यामागे भांडण नव्हतं की घोटाळा नव्हता. मुलंच येईनाशी झाली. शेवटच्या वर्षी पुढचे दोन बाक कसेबसे भरायचे आणि मी मागच्या रिकाम्या बाकांकडे बघत इंग्रजी शिकवायची. मग एका उन्हाळ्यात संस्थेने कुलूपच लावलं. माझं वय पन्नाशीच्या अलीकडचं. या वयात दुसऱ्या शाळेत कोण घेणार? नवरा सकाळी हिंगण्याला जायला कंपनीच्या बसमध्ये बसला की सक्करदऱ्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी एकटी उरायची. भांडी घासून झाली तरी दहा वाजलेले नसायचे.

अशातच एक दिवस तिचा फोन आला. माझी जुनी विद्यार्थिनी. शाळेत होती तेव्हा निबंध सुंदर लिहायची, पण वर्गात तोंड उघडायची नाही. इंजिनिअर झाली, काही वर्षं बंगळुरूला राहिली, आता नागपुरात परत येऊन घरूनच काम करत होती. तिची कंपनी छोटी होती. निम्मी माणसं बंगळुरूला, एक-दोघं परदेशात, आणि सगळा कारभार कम्प्युटरवरून.

"मॅडम, आम्हाला लिहिणारं माणूस पाहिजे," ती म्हणाली. "प्रोग्रॅम लिहिणारं नाही. प्रोग्रॅमबद्दल लिहिणारं."

"अगं, पण मला त्यातलं काही येत नाही."

"ते येऊन जातं मॅडम. इंग्रजी येत नाही नंतर कोणाला. मी तुमचं नाव देऊनही टाकलंय."

मला नाही म्हणवलं नाही. खरं सांगायचं तर त्या फोनने मी इतकी हरखले होते की नवरा यायच्या आधी शिरा करून ठेवला.

काम असं होतं. त्यांच्या कंपनीने फाइलींना कुलूप घालायचं एक साधन बनवलं होतं. त्याला बटणं नव्हती, चित्रं नव्हती. काळ्या पडद्यावर त्या साधनाचं नाव टाइप करायचं आणि पुढे कोणतं काम हवं ते सांगणारा एक शब्द लिहायचा. किल्ली तयार करायची असेल तर एक शब्द, फाइल बंद करायची तर दुसरा, उघडायची तर तिसरा. सही करायला वेगळा, सही तपासायला वेगळा. या शब्दांना ते सबकमांड म्हणत. असे शब्द पुष्कळ होते, आणि प्रत्येकाचं एक माहितीपान लिहायचं होतं. हा शब्द काय करतो, कसा वापरायचा, सोबत कोणत्या खुणा लावता येतात आणि शेवटी एक-दोन उदाहरणं.

साधन ज्याने बनवलं तो मुख्य प्रोग्रॅमर मला टिपणं पाठवायचा. त्याचं इंग्रजी म्हणजे मोडक्या वाक्यांचा ढीग. मी ती वाक्यं सरळ करायची. कर्ता-क्रियापद जुळवायची, एका पानावर जो शब्द वापरला तोच दुसऱ्यावर ठेवायची. पानं दिसायला छान झाली. महिन्याच्या बैठकीत मुख्य प्रोग्रॅमर म्हणाला की इतकी स्वच्छ पानं आमच्याकडे आधी कधीच नव्हती. सगळ्यांनी शाबासकीचे अंगठे वर केले. मी कॅमेऱ्यासमोर मान लववून हसले.

पण मला काहीच समजत नव्हतं. वाक्य कुठे चुकलंय ते कळायचं. ते वाक्य काय म्हणतंय ते नाही. सार्वजनिक किल्ली आणि खासगी किल्ली अशा दोन किल्ल्या असतात, एकीने बंद केलेलं दुसरीनेच उघडतं, हे मी स्वतःच्या हाताने लिहिलं आणि लिहिताना मनात म्हटलं, असं कसं असेल? पण विचारलं नाही. बैठकीत सगळे माझ्या निम्म्या वयाचे. त्यांच्यात मी एकटीच "मॅडम". मॅडमने विचारायचं कसं? आज नाही, पुढच्या वेळी विचारू, असं करत करत इतकी पानं लिहून झाली की आता विचारणं म्हणजे आधीची सगळी पानं मी आंधळेपणाने लिहिली हे कबूल करण्यासारखं होतं.

नवऱ्याला मात्र भारी अभिमान. "बसमधल्या साऱ्याइले सांगतलं म्या," तो बूट काढता काढता म्हणायचा. "म्हटलं, आमची बाई कम्प्युटरचे कुलूपं करते."

"कुलपं करत नाही हो. त्यांच्याबद्दल लिहिते."

"मंग लिहाले समजा तं लागतेच ना!"

मी कणीक मळत राहायची.

सरावासाठी मला माझी स्वतःची किल्ली तयार करावी लागली. त्या किल्लीला एक परवलीचं वाक्य द्यायचं होतं. टिपणात लिहिलं होतं की शब्द नको, लांब वाक्य द्या, दुसऱ्या कोणाला सुचणार नाही आणि तुम्ही विसरणार नाही असं. दुपारची वेळ होती, घरात कोणी नव्हतं. मी रोमन अक्षरांत एक वाक्य सलग टाइप केलं. मले यातलं काहीच समजून नाही राहिलं. माहेरी बोलायचो तसं. शाळेत कधी त्या भाषेत बोलले नव्हते, इथे तर प्रश्नच नव्हता. टाइप केल्यावर जरा हलकं वाटलं, हेही खरं. निदान त्या काळ्या पडद्याला तरी सांगितलं.

पुढे अडचण अशी झाली की साधन ते वाक्य विचारायचं, तेव्हा टाइप केलेलं काही दिसायचंच नाही. अक्षर नाही, ठिपका नाही. माझं हमखास चुकायचं. मग टिपणांत मला एक खूण सापडली. ती लावली की परवलीचं वाक्य कमांडमध्येच लिहून टाकता येतं, साधन वेगळं विचारत नाही. मला फार सोयीचं वाटलं. घरी सराव करताना मी सर्रास तसंच करायला लागले.

साधनाची नवी आवृत्ती निघायच्या आधी सगळ्यांची एक मोठी बैठक ठरली. ज्याने-त्याने आपापलं काम दाखवायचं. तिने मला फोन केला. "मॅडम, तुम्ही काही बोलायची गरज नाही. पानावरची उदाहरणं एकेक चालवून दाखवा फक्त. मी आहेच."

मी दोन दिवस सराव केला. बैठकीच्या दिवशी इस्त्रीची साडी नेसले, खिडकीचा पडदा ओढून घेतला, कुकर आधीच उतरवून ठेवला. माझ्या कम्प्युटरचा काळा पडदा सगळ्यांना दिसायला लागला. किल्ली तयार करायचं उदाहरण चाललं. फाइल बंद करायचं चाललं. मग फाइल उघडायची होती. लोकांसमोर ती सोयीची खूण नको, रीतसर करू, असं मी ठरवलं होतं. साधनाने परवलीचं वाक्य विचारलं. मी टाइप केलं. चुकलं. पुन्हा केलं, पुन्हा चुकलं. काय चुकतंय ते दिसतही नव्हतं. तिकडे कोणी खाकरलं. मी घाबरून वरच्या बाणाचं बटण दाबत गेले, रोजच्या सवयीने. ते बटण आधी टाइप केलेल्या ओळी परत आणतं. सकाळच्या सरावातली ओळ पडद्यावर आली, त्या खुणेसकट आणि त्या वाक्यासकट.

मले यातलं काहीच समजून नाही राहिलं.

पांढरी अक्षरं काळ्या पडद्यावर. सगळ्यांना नीट वाचता यावं म्हणून मी अक्षरांचा आकारही मोठा करून ठेवला होता.

ओळ पुसायची असते हेसुद्धा सुचेना. परदेशातला एक जण हसत इंग्रजीत म्हणाला, "वा, केवढं लांब! कोणती भाषा आहे? अर्थ काय होतो?"

बैठकीत मराठी कळणारी ती एकटीच होती. मी तोंड उघडायच्या आत तिचा आवाज आला, अगदी सहज. "मराठी आहे. घरगुती काहीतरी, मॅडमची आजी म्हणायची असं. हो ना मॅडम?"

"हो," मी म्हटलं.

इतक्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण मुख्य प्रोग्रॅमर खूश होऊन म्हणाला, "बघा, हाच धोका आहे. परवलीचं वाक्य कमांडमध्ये लिहिलं की ते ओळींच्या इतिहासात राहतं आणि असं कोणाच्याही नजरेला पडतं. मॅडमनी पानावर तशी सूचना लिहिलीच आहे, आज प्रत्यक्ष दाखवूनही दिलं. फार छान." आणि पुन्हा सगळ्यांचे अंगठे वर गेले. त्यांना वाटलं मी मुद्दाम केलं.

बैठक संपल्यावर मी ते पान उघडलं. सूचना होती. चौकटीत, ठळक अक्षरांत, मुद्देसूद लिहिलेली. माझ्याच पानावर होती आणि मी ती आयुष्यात पहिल्यांदा वाचत होते.

संध्याकाळी ती घरी आली. तिची स्कूटी खाली थांबल्याचा आवाज ऐकून मी तोंडावर पाणी मारून घेतलं. ती काय म्हणेल याची मी दिवसभर जुळवाजुळव केली होती. पण दारात चपला काढता काढता ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही घरी 'मले' म्हणता?"

"म्हणते."

"आम्हाला वाटायचं तुम्ही पुण्याकडच्या आहात."

"वर्ध्याजवळची आहे गं."

ती हसली. मला हसू आलं नाही. चहा ठेवला, तिच्या समोर बसले आणि विचारलं, "ती सूचना तू लिहिलीस?"

"हो."

"आणखी काय काय लिहिलंस?"

"थोडं थोडं मॅडम. सगळ्या पानांत नाही."

"कोणत्या पानात नाही?"

तिने कप उचलला. विचार करत राहिली. मी वाट बघत होते आणि ती खरंच आठवून बघत होती. असं एकही पान तिला सापडेना.

"एखादं उदाहरण सांग," मी म्हटलं.

"राहू द्या ना मॅडम."

"सांग."

"ते डायजेस्टचं पान," ती हळू म्हणाली. "तुम्ही लिहिलं होतं की त्याने फाइल दाबून लहान होते. आणि पाहिजे तेव्हा परत पूर्ण करून घेता येते."

"येत नाही?"

शब्द तोंडातून गेला आणि मला कळलं की मी काय विचारलं. तिने कप खाली ठेवला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्याचा पदर सरकलेला दिसल्यावर माणूस नजर वळवतो तशी तिने नजर वळवली.

मग तिने समजावून सांगितलं. तो शब्द वापरला की केवढ्याही मोठ्या फाइलीतून अक्षरांची एक छोटी ओळ निघते. अंगठ्याचा ठसा असतो तशी. माणसावरून ठसा घेता येतो, ठशावरून माणूस परत उभा करता येत नाही. फाइल तिकडे पोचल्यावर तिचा ठसा पुन्हा काढायचा आणि दोन्ही ठसे जुळतात का बघायचं, म्हणजे वाटेत कोणी काही बदललं का ते कळतं. बस, एवढंच त्याचं काम.

"लोकांनी ओळ जपून ठेवली असती आणि मूळ फाइल पुसली असती," ती म्हणाली. "मग काहीच हातात राहिलं नसतं."

मी ते पान लिहिल्यावर किती खूश होते ते मला आठवत होतं. "पूर्ण करून घेता येते" यासाठी मी तीन वेगवेगळी क्रियापदं लिहून बघितली होती आणि त्यातलं सगळ्यात डौलदार ठेवलं होतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला? कसं सांगू?" ती एकदम म्हणाली. मग जरा वेळाने, "मीच तुम्हाला आणलं मॅडम. सगळ्यांना सांगून ठेवलं की मॅडमच्या लिखाणात चूक सापडणार नाही. मग प्रत्येक शनिवारी बसायची. आधी वाटलं दोन-चार पानं, नंतर तुम्हाला जमेल." तिने डोळे चोळले. "घरी आई चिडते. सुटीच्या दिवशीही तेच करून राहिली म्हणते. मला पण आता होत नाहीये."

माझी चूक कोणाच्या लक्षात आली नाही, इतकंच मी तोवर धरून बसले होते. तिची सुटी त्यात गेली हे मनात आलंच नव्हतं. ही मुलगी वर्गात एक शब्द बोलायची नाही आणि आज माझ्यासाठी सगळ्यांसमोर खोटं बोलली होती, आणि मी "हो" म्हणून त्या खोट्याला दुजोरा दिला होता. शिकवताना मी पाठांतर करणाऱ्या मुलांवर फार करवादायची. त्या खोलीत त्या वेळी जमीन दुभंगायला हरकत नव्हती.

"आता तू दुरुस्त करू नकोस," मी म्हटलं. "चूक असेल तिथे खूण कर आणि पान माझ्याकडे परत पाठव."

"मॅडम, खुणा सगळ्यांना दिसतात."

"दिसू दे."

बोलताना मोठं धाडस केल्यासारखं वाटलं. ती गेल्यावर वाटलं, फोन करून सांगावं की नको, राहू दे, आधीसारखंच चालू दे. दोनदा फोन हातात घेतला.

डायजेस्टचं पान मी पहिल्यापासून लिहिलं. या वेळी आधी ते चालवून बघितलं. एका फाइलीचा ठसा काढला, मग तिच्यात एक स्वल्पविराम घातला आणि परत काढला. सगळी ओळच बदलली. मी स्वल्पविराम काढला. जुनी ओळ जशीच्या तशी परत आली. हे मी पुन्हा पुन्हा करत बसले. मग पान लिहून पाठवलं. तरी ते परत आलं, आणि पिवळ्या खुणांनी भरलेलं. एका ठिकाणी तिने लिहिलं होतं, "हे बरोबर आहे, पण पुरेसं नाही." दुसऱ्या ठिकाणी मुख्य प्रोग्रॅमरनेही खूण केली होती: "हे तर आधीच्या पानात बरोबर होतं, आता का बिघडलं?"

मी ते वाचत असताना नवरा जेवणाच्या टेबलापाशी आला आणि माझ्या खांद्यावरून डोकावला.

"काहून वं, एवढं पिवळं पिवळं कायचं आहे?"

"माझ्या चुका आहेत."

"येवढ्या?"

"याच्या आधी जास्त होत्या. ती पोरगी गुपचूप निस्तरत होती." मग मी त्याला सगळं सांगितलं. वाक्याचंही. सांगताना मी टेबलावरच्या डाळीच्या डागाकडे बघत होते.

तो खुर्ची ओढून बसला. "म्या तं बसमंधी सांगून बसलो साऱ्याइले," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"आता इचारलं कोणं तं काय सांगू?"

त्याला राग आला होता असं नाही, पण तो खट्टू झाला होता, आणि ते रागापेक्षा बघायला कठीण होतं. जेवताना त्याने भाजीला चांगली म्हटलं. रोज म्हणत नाही. त्यानेही मला काहीच बोलायचं नाही असं ठरवलेलं दिसत होतं, आणि मला ते नको होतं.

पुढच्या बैठकीत मुख्य प्रोग्रॅमरने नव्या सबकमांडबद्दल सांगितलं. सही तपासायच्या शब्दात काही बदल होते. तो झरझर बोलत गेला आणि शेवटी नेहमीसारखं म्हणाला, "काही शंका?" नेहमीसारखंच कोणी बोललं नाही. मी माझा माइक चालू केला.

"सही तपासायला सार्वजनिक किल्ली का लागते?" मी विचारलं. "सही केली खासगी किल्लीने, मग तपासायला तीच का नाही? मला हे पहिल्यापासून समजलेलं नाही."

हा पहिल्या दिवशीचा प्रश्न होता, आणि मी त्याच्यावर पानं लिहिली होती. चौकटींतल्या चेहऱ्यांपैकी एकाने खाली बघितलं. परदेशातला तो हसरा माणूस या वेळी हसला नाही. ती आपल्या चौकटीत ओठ मिटून स्थिर बसली होती. तिच्याकडे बघायचं मी टाळलं.

"पहिल्यापासून?" मुख्य प्रोग्रॅमरने विचारलं.

"पहिल्यापासून."

मग तो सांगायला लागला. दोन-तीन मिनिटं बोलला असेल. मी लिहून घेत होते, पण मध्येच कुठेतरी धागा सुटला. त्याने विचारलं, आलं का लक्षात? मान हलवायची सवय मानेला इतकी होती की ती जवळजवळ हललीच.

"नाही," मी म्हटलं. "मधलं परत सांगाल का?"